काड्यापेट्यांपासून निघालेली विद्या

एडिंबरा शहरात मेडोज नावाचे मोठे गवताळ मैदान आहे. त्याच्या कडेला, चटकन नजरेत न भरणारा, जुन्या दगडी घरांचा एक छोटा चौक आहे. त्याचे नाव होप पार्क स्क्वेअर. डोनाल्ड मिची या प्राध्यापकाचा यंत्रबुद्धीचा विभाग १९६०च्या दशकात इथेच होता.

आमची मुलगी इथल्या विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्ता शिकते. कर्जाच्या कागदावर सही माझी. त्यामुळे नोव्हेंबरात तिला भेटायला गेलो, तेव्हा ही विद्या आहे तरी काय, ते पाहूनच यायचे ठरवले होते. निघताना शेजारच्या काकांनी विचारलेच होते, "सगळं मशीनच करणार म्हणतात, मग हिनं शिकून काय करायचं री?"

तिचा पहिला धडा मात्र वाट शोधण्याचा निघाला! समजावताना तिने आपलेच उदाहरण घेतले. बेळगावहून धारवाडला कित्तूरवरून जायचे, की खानापूर-अळणावरवरून? यंत्र प्रत्येक फाट्यासाठी एक बेरीज करते: इथवर किती आलो, अधिक इथून धारवाड सरळ रेषेत किती. ज्या फाट्याची बेरीज सर्वांत कमी, तो आधी तपासायचा. सरळ रेषा रस्त्यापेक्षा कधीच लांब नसते, म्हणून शेवटी हाती येते ती जवळचीच वाट.

"एवढंच?"

"एवढंच अप्पा. पण हे कागदावर सिद्ध करण्यात अख्खी रात्र गेली."

फोनवर तिने हेच आईला कन्नडात सांगितले. खरे सांगायचे तर, मला ते तेव्हा जास्त समजले.

मिचींची गोष्ट तर याहून साधी. युद्धकाळात त्यांनी ॲलन ट्युरिंगबरोबर काम केले होते. १९६१च्या सुमारास यंत्र शिकू शकते हे दाखवायचे होते, पण हाताशी संगणक नव्हता. मग त्यांनी सुमारे तीनशे काड्यापेट्या घेतल्या. फुल्लीगोळ्याच्या खेळातल्या एकेका स्थितीसाठी एकेक पेटी आणि आत रंगीत मणी. पेटी हलवून जो मणी पुढे येईल, ती खेळी. डाव जिंकला तर त्या रंगाचे मणी वाढवायचे, हरला तर काढून घ्यायचे. खेळता खेळता पेट्या 'हुशार' होत गेल्या. बक्षीस आणि शिक्षेवर चालणारी ही रीत आजही शिकवतात.

तिथून दहा मिनिटांवर चेंबर्स स्ट्रीटचे संग्रहालय. तिथे फ्रेडी आहे, मिचींच्या विभागातला यंत्रमानव. खेळण्यांच्या भागांचा ढीग कॅमेऱ्याने न्याहाळून तो पंज्याने लाकडी मोटार जुळवायचा. आज पाहताना तो गिरणीतल्या जुन्या यंत्रासारखा दिसतो. त्याच सुमारास, १९७३ साली, सर जेम्स लाइटहिल यांनी सरकारी संस्थेसाठी अहवाल लिहिला: या क्षेत्राने दिलेली मोठी आश्वासने पुरी झालेली नाहीत. ब्रिटनमध्ये पैसा आटला. गंमत अशी, की जेफ्री हिंटन नावाचा विद्यार्थी नेमका तेव्हा इथे संशोधन करत होता, तेही मेंदूसारख्या जाळ्यांवर, ज्यांत फारशा कुणाला रस नव्हता. त्याला १९७८ साली पीएच.डी. मिळाली आणि २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल.

पुढे साऊथ ब्रिज. दोन्ही बाजूंना दुकाने असल्याने आपण पुलावर आहोत हे कळतच नाही. मध्येच एका फटीतून खाली काउगेट दिसतो. ७ डिसेंबर २००२ रोजी त्या खालच्या रस्त्यालगत लागलेली आग वर चढली आणि विभागाचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे ग्रंथालय जळून गेले. पुढे २००८ साली नवी इमारत उघडली. मुलीचा बराच वेळ तिथेच जातो.

"पैसा पुन्हा आटला तर ग?" मी विचारले.

"आटू शकतो," ती म्हणाली. "कर्ज फिटेपर्यंत तरी आटू नये."

चार वाजताच अंधार पडला होता. तिला रात्री गृहपाठ द्यायचा होता, म्हणून ती प्रयोगशाळेकडे वळली आणि मी गरम चहा कुठे मिळतो ते पाहू लागलो.