लाभांशाचा लळा

बेल कॅनडाची मालक कंपनी बीसीई हिने ८ मे २०२५ रोजी वर्षाचा लाभांश शेअरमागे ३ डॉलर ९९ सेंटवरून १ डॉलर ७५ सेंटवर आणला. निवृत्तीनंतर घरखर्चाला हातभार म्हणून कॅनडात जे शेअर घेऊन ठेवतात, त्यांत या कंपनीचं नाव वर्षानुवर्षं वरच्या ओळीत असायचं. हजार शेअर बाळगणाऱ्याला वर्षाला ३,९९० डॉलर मिळायचे, ते १,७५० झाले. भाव तर आधीच बसला होता. एप्रिल २०२२ मध्ये सत्तरीच्या वर असलेला शेअर कपातीच्या सुमारास तिशीच्या आसपास रेंगाळत होता.

बातमी मोठी होती, पण आकडे वाचणाऱ्याला अनपेक्षित नव्हती. २०२४ मध्ये खर्च आणि भांडवली गुंतवणूक वजा जाता कंपनीच्या हाती सुमारे २.९ अब्ज डॉलर उरले, आणि लाभांशापोटी तिने वाटले सुमारे ३.६ अब्ज. मधली तूट कर्ज काढून किंवा काहीतरी विकून भागवायची. हे कुठल्या गुप्त कागदात नव्हतं, कंपनीच्याच अहवालात छापलेलं होतं. तरी पुष्कळजण शेअर धरून बसले, आणि काहींनी तर आणखी घेतले. कारण २०२५ च्या सुरुवातीला त्यावरचा लाभांशाचा परतावा, म्हणजे यील्ड, बारा टक्क्यांच्या वर दिसत होता.

या बारा टक्क्यांत कंपनीचं कर्तृत्व शून्य. लाभांश तोच राहिला आणि भाव निम्म्यावर आला, की यील्ड आपोआप दुप्पट होतं. ते बाजाराने लावलेलं भीतीचं माप असतं, आणि पडद्यावर मात्र ते बक्षिसासारखं चमकतं.

पडलेला शेअर ठेवावा, विकावा की आणखी घ्यावा, हा प्रश्न जगात कुठेही अवघडच. लाभांश देणाऱ्या शेअरच्या बाबतीत तो जास्त चिवट होतो, कारण दर तीन महिन्यांनी खात्यात काहीतरी जमा होत राहतं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचं, हा मराठी मध्यमवर्गाच्या घरातला जुना शिरस्ता. तो टोरांटोत किंवा ब्रॅम्प्टनमध्ये स्थायिक झालेल्यांनीही सुटकेसबरोबर नेला असेल, तर नवल नाही. अर्थतज्ज्ञ मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी यांनी १९६१ मध्ये मांडलं होतं, की कर आणि व्यवहारखर्च बाजूला ठेवले तर लाभांश म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात. गणित चोख, पण माणसं तशी वागत नाहीत. हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी १९८४ मध्ये त्याचं कारण दिलं: लोक मनात दोन वेगळी खाती ठेवतात आणि मुद्दल उधळलं जाऊ नये म्हणून लाभांशाचा आधार घेतात. पुढच्याच वर्षी याच जोडीने दाखवलं, की फायद्यातला शेअर माणूस घाईने विकतो आणि तोट्यातला कवटाळून बसतो. टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासली, तेव्हाही हेच दिसलं.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की तोट्यातल्या शेअरला सोन्याची कडी लागते. ‘भाव पडला तर पडू दे, लाभांश तर येतोय ना!’ हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. बहुतेक वेळा ती टाळाटाळ असते.

ओंटारियोतल्या ओकव्हिलच्या अल्गॉन्क्विन पॉवर अँड युटिलिटीजने ही टाळाटाळ दोनदा महागात पाडली. वीज आणि पाणी पुरवणारी कंपनी म्हणजे सुरक्षित, असा समज. पण तिने कर्जावर वाढ केली होती, आणि बँक ऑफ कॅनडाचा दर मार्च २०२२ च्या आरंभी पाव टक्का होता तो जुलै २०२३ पर्यंत पाच टक्क्यांवर गेला. अमेरिकेतही तेच चित्र. व्याज वाढलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये भाव कोसळला आणि जानेवारी २०२३ मध्ये लाभांश चाळीस टक्के कापला गेला. ‘आता वाईट ते होऊन गेलं’ म्हणून ज्यांनी पडत्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज केलं, त्यांच्या पदरी ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा चाळीस टक्क्यांची कपात पडली. तिमाहीला १८ अमेरिकी सेंट मिळायचे, तिथे साडेसहा उरले.

मग पडलेलं सगळं विकून मोकळं व्हावं का? टोरांटो-डॉमिनियन बँकेचं उदाहरण इथे आडवं येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने अमेरिकेत काळ्या पैशाला वाट दिल्याप्रकरणी गुन्हा कबूल केला, तीन अब्ज अमेरिकी डॉलरहून अधिक दंड भरला आणि तिकडच्या व्यवसायाच्या वाढीवर मर्यादा ओढवून घेतली. वर्षअखेरीस शेअर ऐंशीच्या खाली होता. पण त्याच डिसेंबरात बँकेने लाभांश थोडा वाढवलाच, आणि २०२५ मध्ये भावाने शंभरी ओलांडली. दंड प्रचंड होता, बदनामीही झाली, तरी रोजची कमाई शाबूत होती. बीसीईचं तसं नव्हतं. मोबाइलच्या दरयुद्धात तिची कमाईच आटत होती. त्यात जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली. पुण्या-नाशिकहून शिकायला जाणारा मुलगा तिकडे उतरला की पहिल्या खरेदीत सिमकार्ड असतंच, त्यामुळे येणारे विद्यार्थी घटल्याचा फटका दूरसंचार कंपन्यांच्या ग्राहकसंख्येलाही बसला.

सनकॉर या तेल कंपनीची गोष्ट आणखी चकवणारी. २०२० च्या वसंतात तेल गडगडलं आणि कंपनीने तिमाही लाभांश साडेसेहेचाळीस सेंटवरून २१ वर आणला. वॉरन बफे यांच्या बर्कशायरने २०२१ च्या सुरुवातीला तिथून काढता पाय घेतला, आणि त्याच ऑक्टोबरात कंपनीने लाभांश दुप्पट केला! मॅन्युलाइफ या विमा कंपनीने मात्र २००९ मध्ये २६ सेंटचे १३ केले, आणि जुना आकडा ओलांडायला २०२० उजाडलं. कपात झाली म्हणून विका किंवा कपात झाली म्हणून घ्या, असा सरसकट नियम यातून निघत नाही. तेलाचा भाव फिरला की सनकॉर फिरते. विमा कंपनीने पूर्वी दिलेली आश्वासनं मात्र तिच्या मानेवर वर्षानुवर्षं बसून राहतात.

‘खरेदीचा भाव आला की बाहेर पडू’ हा विचार तर सोडूनच द्यावा. कोणी कितीला घेतला, हे कंपनीला ठाऊक नसतं. त्या भावाशी खरोखर देणंघेणं असतं ते फक्त करखात्याला. कॅनडात साध्या खात्यातला तोटा विकून पक्का केला, तर तो भांडवली नफ्यातून वजा करता येतो, मागच्या तीन वर्षांतल्या किंवा पुढच्या कुठल्याही. म्हणून डिसेंबरात पडेल शेअरची विक्री वाढते. मात्र विक्रीच्या आधी किंवा नंतर तीस दिवसांत तोच शेअर घेऊन ठेवला, अगदी नवऱ्याने विकला आणि बायकोच्या खात्यात घेतला तरी, तो तोटा धरला जात नाही. आणि शेअर टीएफएसए या करमुक्त बचत खात्यात असेल, तर तोटा मुळात मोजलाच जात नाही. तिथे नफ्यावर कर नाही आणि तोट्याला सांत्वनही नाही. साध्या खात्यातल्या लाभांशाला तिकडे करात खास सूट आहे, पण शंभर डॉलरच्या लाभांशाचे विवरणपत्रात १३८ धरतात. त्या फुगलेल्या उत्पन्नामुळे काही ज्येष्ठांच्या सरकारी पेन्शनला कात्री लागते, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

राहिला प्रश्न बीसीईचा शेअर आता घेण्याचा. तिशीच्या भावात १ डॉलर ७५ सेंट म्हणजे जवळपास सहा टक्के, आणि हा लाभांश बीसीईला आता झेपणारा आहे. उरलेल्या रोखीपैकी ४० ते ५५ टक्केच वाटायचं असं तिचं नवं धोरण आहे. पण याच काळात तिने अमेरिकेतली झिप्ली फायबर ही कंपनी सुमारे पाच अब्ज कॅनेडियन डॉलर मोजून, शिवाय तिचं कर्ज अंगावर घेऊन, विकत घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये तो सौदा पूर्ण झाला. तेव्हा आज बेलचा शेअर घेणारा माणूस टोरांटोतल्या फोनबिलांइतकाच ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत टाकल्या जाणाऱ्या फायबरच्या तारांवर पैसे लावतो आहे. तो धोका त्याला मनापासून हवा असेल तर त्याने जरूर घ्यावा, आणि तिमाही जमा बघण्याऐवजी कर्जाचा आकडा बघत राहावं.