गवताचा हिशेब: आयर्लंडहून मार्केट यार्डला

फर्मॉय, कॉर्क परगणा
24 एप्रिल

ती. बाबांस सा. नमस्कार,

आमचा दूध उत्पादकांचा गट सुखरूप पोचला. थंडी बोचते, पाऊस रोजचाच, पण माझी तब्येत उत्तम आहे.

आज मूरपार्क पाहिले. चॅगस्क या सरकारी संस्थेचे हे गवत आणि दूध यांवरचे संशोधन केंद्र. इथल्या बहुतेक गाई फेब्रुवारी-मार्चमध्ये वितात, कारण पाठोपाठ कुरणाला जोमाची फूट येते. हिवाळ्यात वाढ थांबली की गाई आटवून आत मुरघासावर ठेवतात.

शेतकरी दर आठवड्याला सगळी कुरणे पायी फिरतो. हातातल्या काठीला सरकती थाळी असते. ती गवतावर टेकली की दबलेल्या गवताची उंची कळते आणि त्यावरून तुकड्यात किती कोरडा चारा उभा आहे याचा अंदाज निघतो. चरण्याजोगा चारा हेक्टरी 1400 किलोच्या आसपास आला की गाई सोडायच्या, चार सेंटिमीटरपर्यंत चरू द्यायच्या आणि पुढच्या तुकड्यात हलवायच्या. ऐन हंगामात तीनेक आठवड्यांनी पहिल्या तुकड्याची पाळी पुन्हा येते. गवत कमी पडेल तेवढाच खुराक. आपण पेंड विकणारी माणसे, म्हणून हे मी फार लक्ष देऊन ऐकले.

कॉर्क शहर
27 एप्रिल

ती. बाबांस सा. नमस्कार,

आज शँडन भागातला जुना लोणीबाजार पाहिला. तुम्ही बरोबर हवे होतात. हा बाजार 1770 मध्ये सुरू झाला. केरीच्या डोंगराळ भागातून शेतकरी लोण्याची लाकडी पिंपे आणत, एकेकात सुमारे 25 किलो लोणी. तपासनीस पोकळ गिरमिटाने पिंपाच्या आतून नमुना काढी, वास आणि चव पाहून प्रत ठरवी, आणि त्या प्रतीवर भाव ठरे. आपल्या मार्केट यार्डच्या भुसार विभागात पोत्यात सळई खुपसून मूठभर धान्य काढतात ना, तेच काम. खारवलेले हे लोणी जहाजांनी पार कॅरिबियन बेटांपर्यंत जाई.

पुढे इंग्लंडच्या बाजारात डेन्मार्कचे कमी मिठाचे, एकसारखे लोणी आले. इथे घरोघर घुसळलेले, त्यामुळे पिंपागणिक प्रत निराळी. नुसत्या पारखीने ही उणीव भरून निघेना. 1924 मध्ये बाजार बंद झाला.

ड्रमकॉलॉहर, लिमरिक परगणा
29 एप्रिल

ती. बाबांस सा. नमस्कार,

त्या उणिवेला शेतकऱ्यांनी काय उत्तर दिले ते या गावात कळले. होरेस प्लंकेट यांच्या चळवळीतून 1889 मध्ये आयर्लंडमधली पहिली सहकारी क्रीमरी इथे निघाली. सगळ्यांचे दूध एकत्र, यंत्राने साय वेगळी, लोणी एका प्रतीचे आणि मालकी उत्पादकांची. आपल्याकडे आणंदचा संघ 1946 चा, कोल्हापूरचा 'गोकुळ' 1963 चा. वाट तीच.

आज इथे दुधातल्या फॅटच्या किलोला एक भाव आणि प्रथिनांच्या किलोला दुसरा. त्यांच्या बेरजेतून लिटरमागे प्रक्रियेचा खर्च वजा होतो. नुसते पाणी वाढवणाऱ्याला तोटाच. आपल्या संकलन केंद्रावर गाईचे दूध 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (फॅटखेरीजच्या घन घटकांवर) तोलतात, प्रथिने वेगळी मोजत नाहीत. इथले बहुतेक दूध लोणी, चीज, भुकटी होऊन परदेशी जाते, म्हणून त्यांना ही मोजणी परवडते. पुण्याचे पुष्कळ दूध पिशवीतूनच घरोघर जाते. तरी पनीर-चीजच्या कारखान्यांनी प्रथिनांचा भाव द्यावा असे मला ठामपणे वाटते.

त्यांचे गवत आपल्याकडे आणता येणार नाही. आपला पाऊस चार महिन्यांचा, त्यांचा बारमाही. पण मोजण्याची सवय उद्यापासून लावता येईल. गाईला शरीरपोषणासाठी दीड-दोन किलो आणि लिटरमागे साधारण 400 ग्रॅम खुराक, हा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. चांगला हिरवा चारा असेल तर खुराक त्याहूनही कमी पुरतो. तरी गिऱ्हाईक पोती मागते आणि आपण देतो. हा हिशेब आपण गाळ्यावर मोठ्या अक्षरांत लावू या. महिन्याला काही पोती कमी खपतील, हे मला कळते. पण खुराकाच्या खर्चाने गोठे बंद पडले तर आपल्याकडे येणार कोण?

फलक मी आल्यावर रंगवून घेऊ. तोवर गिऱ्हाइकांना गाई किती, दूध किती, हिरवा चारा कोणता, एवढे विचारून वहीत उतरवून ठेवाल का? आईला नमस्कार.

तुमची लेक