मांजरसुंब्याचा चहा आणि भाकरीचे माप

बीडहून अंबाजोगाईकडे निघालात की पाली मागे पडते आणि मांजरसुंब्याचा घाट लागतो. बालाघाटाची ही उघडीबोडकी रांग चढून गेल्यावर सोलापूरचा व केज-अंबाजोगाईचा रस्ता वेगळा होतो. कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनास जाणारी ज्येष्ठ मंडळीही या परिसरात चहासाठी विसावतात.

अलीकडे अशा रस्त्यांवर गुळाच्या चहाच्या पाट्या फार दिसतात. 'मधुमेहालाही चालतो' असे कुणीतरी सांगते, आणि 'साखरेपेक्षा कितीतरी पट लोह' हा आधार देते. वाक्य खोटे नाही. मात्र साखरेत लोह जवळजवळ नसतेच. शून्याशेजारच्या आकड्याची पन्नासपट केली तरी हाती काय येणार? १०० ग्रॅम गुळात साधारण ५ मिलिग्रॅम लोह धरा. कपात १० ग्रॅम गूळ, म्हणजे लोह अर्धा मिलिग्रॅम. प्रौढ पुरुषाची रोजची शिफारस १९ मिलिग्रॅमची आहे. शिवाय चहा लोहाचे शोषण घटवतो, तो भाग निराळाच. उष्मांक मात्र १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास, गुळात ३८० च्या. रक्तातील साखर दोन्हींनी वाढते. तेव्हा मधुमेही आजोबांना 'गुळाचाच आहे' म्हणून तिसरा कप देऊ नये.

टक्क्यांचेही असेच. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, म्हणून '९७ टक्के स्निग्धांशमुक्त' म्हणता येईल. पण ते टक्के वजनाचे, आणि दुधाचे बहुतेक वजन पाण्याचे. १०० ग्रॅम दुधातील सुमारे ६० उष्मांकांपैकी २७ स्निग्धांशाचे असतात. दूध वाईट नाही. हिशेब कशाचा, एवढेच विचारावे.

केज, धारूर, वडवणीकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीची बिऱ्हाडे निघतात. दिवसभर कोयता चालवणाऱ्याच्या भाकरीचे माप मोठे असणारच. पण कोयता सुटून वर्षे लोटली, तरी घरात थापली जाते ती तेवढीच. वर ताटेही मोठी झाली, आणि मोठ्या ताटात भाकरी लहान दिसते, म्हणून आग्रहाने आणखी एक. एकदा भाकरीचे पीठ तोलून पाहा. १०० ग्रॅम बाजरीच्या पिठात साधारण ३५० उष्मांक असतात.

मात्र घरातील वडीलधाऱ्यांना इन्सुलिन वा साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर भाकरी परस्पर कमी करू नका. साखर एकाएकी उतरून चक्कर येऊ शकते. आधी आपल्या डॉक्टरांना तोललेले माप सांगा, मग औषध आणि भाकरी दोन्ही एकत्र ठरवता येतील.