खिशावरचा हात

रोममधील तेर्मिनी स्थानकावरून सेंट पीटर महामंदिराच्या दिशेने जाणारी ६४ क्रमांकाची बस यात्रेकरूंइतकीच खिसेकापूंनाही प्रिय आहे. २००० च्या ज्युबिली वर्षी आम्ही तिच्यात चढलो, तेव्हा कोटाच्या आतल्या खिशात आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध मावशींनी दिलेला लिफाफा होता. दादरला भाजी विकून साठविलेले ते पैसे. दिवंगत पतीसाठी रोममध्ये मिस्सा अर्पण करावी, एवढीच त्यांची विनंती.

खिसेकापूंपासून सावध राहण्याची सूचना दिसली आणि आमचा हात नकळत छातीशी गेला. वाचकहो, घात तिथेच झाला. ऐवज कोठे आहे हे चोराला शोधावे लागत नाही. सूचना वाचणारा प्रवासी स्वतःच ते दाखवितो. थांब्यावर दाराशी रेटारेटी झाली, कुणीतरी नम्रपणे क्षमाही मागितली. खाली उतरलो तो खिसा रिकामा. (विरार लोकलमध्ये आयुष्य काढलेल्याने असे फसावे!) पारपत्र निवासस्थानी ठेवले होते म्हणून बचावले. तेव्हापासून आम्ही दिवसापुरतेच पैसे खिशात ठेवतो. उरलेले सदऱ्याखालच्या कापडी पिशवीत, आणि गर्दीत तिला हात लावीत नाही.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ९४९ वा नियम सांगतो की, स्वतःच्या दोषाविना अर्पणाची रक्कम हरवली तरी मिस्सेचे बंधन सुटत नाही. मिस्सा आम्ही दुसऱ्याच दिवशी अर्पण केली. ‘दोषाविना’ या शब्दाशी मात्र अडखळलो. मावशी २००९ साली देवाघरी गेल्या. लिफाफ्याचे त्यांना आम्ही कधीच सांगितले नाही.