सेवा कीं चाकरी?

वैशाखांतील नागपूर ज्यांनीं अनुभविलें आहे, त्यांस त्या उन्हाचें वर्णन ऐकविण्याची आवश्यकता नाहीं. सकाळचे नऊ वाजले कीं दारें-खिडक्या लावून घ्यावयाच्या व सूर्यास्तापर्यंत घराबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं, हा महालांतील आमच्या घरचा तीन पिढ्यांचा शिरस्ता. पूर्वीं वाळ्याच्या ताट्या भिजवीत, आतां कूलरमध्यें पाणी भरतात, एवढाच काय तो फरक. अशा दिवसांत, गेल्या उन्हाळ्यांत, आमच्या नातीनें रात्रीच्या जेवणाच्या वेळीं सर्वांसमक्ष जाहीर केलें, "आजोबा, सोमवारपासून मी उन्हाळी संगीतवर्गांत कामाला जाणार. महिन्याचे तीन हजार मिळतील आणि माझी फीहि माफ होईल."

आमच्या एकत्र कुटुंबांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत. अकराहि पानांवरचे हात क्षणभर थांबले. आमच्या कुटुंबानें विचारलें, "काम म्हणजे काय ग?" नात म्हणाली, "सतरंज्या घालायच्या, तंबोरे लावायचे, लहान मुलांची हजेरी घ्यायची, त्यांच्याकडून अलंकार घोकून घ्यायचे." त्यावर धाकटे बंधु म्हणाले, "सतरंज्या घालायला आपल्या घरची मुलगी?" सूनबाईंनीं मुलीची बाजू घेतली, चिरंजीव गप्प राहिले आणि अखेर सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. आमची मजल मॅट्रिकच्या पुढें गेली नाहीं हें खरें. परंतु पाठशाळेंत संस्कृत शिकून तीसांहून अधिक वर्षें शाळेंत तें शिकविलें असल्यामुळें घरांत आमचा शब्द निर्णयाचा मानतात. आम्हीं निर्णय दिला, "विद्येच्या ठिकाणीं झाडलोट करण्यांतहि कमीपणा नाहीं. मात्र तिचे पैसे घेणें आम्हांस रुचत नाहीं. गुरुगृहीं केली ती सेवा." नात कांहीं बोलली नाहीं, पण सोमवारीं पहांटे ती गेली.

आठ दिवसांनीं आम्ही सकाळीं फिरावयास म्हणून निघालों, तें पाय त्या वर्गाकडेच वळले. एका शाळेचा हॉल भाड्यानें घेतलेला. साठेक मुलें यावयाचीं होतीं, आणि त्यापूर्वींच पांच विद्यार्थी कामास लागले होते. आमची नात तंबोरा घेऊन बसली होती. कोरड्या हवेंत लांकूड आक्रसतें, खुंट्या घसरूं लागतात व लावलेला तंबोरा पाहतां पाहतां उतरतो. म्हणून ती एकेक खुंटी काढून तीस खडू चोळीत होती. नंतर जवारीचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवून, मान कलती करून, ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरील ती एकाग्रता आम्हीं रूपावलि पाठ करतांना कधीं पाहिली नव्हती!

कामठीहून पहांटेच्या बसनें येणारा एक मुलगा कूलरमध्यें बादल्या ओतीत होता. हा तबल्याचा विद्यार्थी. गुरुजींनीं आलापास आरंभ केला कीं कूलरच्या घरघरीनें स्वर झांकोळतो, म्हणून यानें धांवत जाऊन तो बंद करावयाचा, आणि मुलें घामाघूम झालीं कीं पुन्हां सुरू करावयाचा. मधल्या वेळांत चपला रांगेंत लावणें, पाण्याचे माठ भरणें आणि रडणाऱ्या बालगायकाची समजूत घालणें. बादली भरेपर्यंत त्याचीं बोटें नळावर त्रितालाच्या मात्रा मोजीत होतीं. आम्हांस धन्यता वाटली. मनांत म्हटलें, गुरुकुल म्हणतात तें याहून निराळें काय असणार?

त्याच सुमारास आमच्या पुतण्याचा अमेरिकेंतून फोन आला. त्याचा मुलगा व्हायोलिन वाजवितो. तोहि त्या उन्हाळ्यांत एका संगीतशिबिरांत कामास गेला होता. त्या देशांत ही चाल जुनी आहे. मिशिगन राज्यांत इंटरलॉकेन येथें जोसेफ मॅडी यांनीं १९२८ मध्यें अरण्यांत तळ्याकांठीं असें शिबिर आरंभिलें, आणि १९४० मध्यें सर्ज कुसेविट्स्की या वाद्यवृंद-संचालकांनीं टँगलवूड येथें उन्हाळी विद्यालय काढलें. अशा शिबिरांतून मोठे विद्यार्थी लहानांच्या निवासावर देखरेख ठेवतात, रंगमंचावर खुर्च्या मांडतात, स्वरलिपीच्या प्रती सांभाळतात. "काम कोणतें, तास किती, पैसे किती, हें सगळें आधीं लिहून दिलें आहे, काका," पुतण्या म्हणाला. आम्हीं फोन ठेवला आणि कुटुंबास म्हटलें, "सरस्वतीच्या देवळांतहि घड्याळ लावून बसणारे हे लोक!"

वर्गाची सांगता झाली त्या संध्याकाळीं नात घरीं आली ती मुकाट्यानें. पुष्कळ विचारल्यावर तिनें सांगितलें कीं संचालकांनीं पांचांनाहि नारळ व प्रमाणपत्र दिलें, पैशांचा विषय निघतांच, "अरे, ही तर गुरुसेवा, तिचा का हिशेब मांडतात?" असें म्हणून पाठीवरून हात फिरविला. वाचकहो, खोटें कशाला सांगावें, आम्हांस तें उत्तर आवडलें. आम्हीं नातीस मालविकाग्निमित्रांतील गणदासाची आठवण दिली. केवळ उपजीविकेसाठीं जो विद्या बाळगतो, तो विद्येचा दुकानदार होय, असें त्या नाट्याचार्याच्या तोंडीं कालिदासानें घातलें आहे. हें नाटक आम्हींच तिला हिंवाळ्यांत शिकविलें होतें.

नात म्हणाली, "आजोबा, पण गणदासाला राजाकडून वेतन मिळत होतें ना? विदूषक त्यावरूनच तर थट्टा करतो."

आम्ही निरुत्तर झालों. ती पुढें म्हणाली, "माझे तीन हजार राहूं द्या. पण त्या कामठीच्या मुलाच्या डग्ग्याची पुडी फाटली आहे. ती बदलून परीक्षेची फी भरायची, म्हणून त्यानें हें काम धरलें. या दिवसांत दरवर्षीं तो रसवंतीवर काम करतो. ऐन हंगामांत तें सोडून तो इथें आला. त्याला आतां काय सांगायचें? सेवा झाली म्हणून?"

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. राहून राहून विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण येऊं लागली. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. तेथें फी देणारे विद्यार्थी होते, तसाच उपदेशक वर्गहि होता. त्या वर्गांतील शिष्यांस विद्या, अन्न व निवारा गुरूकडून मिळे, आणि त्याच्या मोबदल्यांत ते ठराविक वर्षें संस्थेचें काम करीत व धाकट्यांस शिकवीत. ही सेवा खरीच. परंतु ती एकपक्षी नव्हती. शिष्य काय देणार आणि गुरु काय देणार, हें दोघांसहि आधींच ठाऊक असे. ओंकारनाथ ठाकुर हे अशाच शिष्यांपैकीं. १९१६ मध्यें गुरूनें त्यांस लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य नेमलें. उलट मुंबईच्या इमारतीपायीं झालेल्या कर्जाचा भार गुरूनें स्वतःच्या शिरावर वाहिला व १९२४ च्या सुमारास ती वास्तु गमावली. १९३१ मध्यें ते निवर्तले, तेव्हां शिष्यांनींच गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारून त्यांचें कार्य पुढें चालविलें. आमच्या नागपुरांतहि त्यांचे शिष्य शंकरराव सप्रे यांनीं विद्यादान केलें, आणि वसंतराव देशपांड्यांसारखा गायक बालपणीं त्यांच्यापाशीं शिकला. ज्या परीक्षेच्या फीसाठीं तो कामठीचा मुलगा बादल्या ओतीत होता, ती परीक्षा याच मंडळाची. ज्या गुरूनें शिष्यांचें पोट स्वतःच्या अंगावर घेतलें, त्याची भाषा उसनी घेऊन दुसऱ्याचे ठरलेले पैसे बुडवावयाचे, याला सेवा म्हणावें कीं आणखी कांहीं?

परंतु संचालकांस दोष देऊन आमची सुटका होईना. आम्ही नोकरींत असतांना शाळेच्या स्नेहसंमेलनाचें काम वर्षानुवर्षें आमच्याकडे असे. बांकें हलविणें, पडदे बांधणें, रात्रीं उशिरां सामान आंवरणें, हें सर्व आम्हीं मुलांकडून करून घेतलें. त्यांत सायकलदुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा होता, मोठा कष्टाळू. एके संध्याकाळीं त्याचे वडील दाराशीं येऊन उभे राहिले व म्हणाले, "मास्तर, हा दुकानावर नसला कीं त्या दिवशीं घरीं भाजी येत नाहीं." आम्हीं त्यांस सेवेचें माहात्म्य समजावून सांगितलें. त्यांनीं हात जोडले आणि ते निघून गेले. मुलगा संमेलन संपेपर्यंत येत राहिला. आमची मुलें त्या वेळीं घरीं अभ्यास करीत होतीं, हें त्या रात्रीं प्रथमच आमच्या ध्यानांत आलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही संचालकांकडे गेलों. गृहस्थ दुष्ट नव्हेत. हॉलचें भाडें, कूलरचें भाडें, पाहुण्या कलावंतांची बिदागी, सर्व त्यांनीं वहींत दाखविलें. आम्हीं विचारलें, "या वहींत पांच मुलांचें नांव कोठें आहे?" ते म्हणाले, "शेवटीं उरेल त्यांतून द्यावें, असा विचार होता. पण उरलें नाहीं." आम्हीं म्हटलें, "कूलरवाल्याला कां नाहीं सांगितलें, कीं ही सेवा आहे म्हणून?" ते बराच वेळ वहीकडे पाहत बसले. अखेर कामठीच्या मुलाचे पैसे त्यांनीं त्याच दिवशीं दिले. इतर चौघांस निम्मे तेव्हां व निम्मे श्रावणांत मिळाले. नातीनें आपल्या पैशांतून तंबोऱ्याच्या तारा आणल्या. उरलेल्यांचें काय केलें, हें आम्हीं विचारलें नाहीं.

यंदा वर्ग सुरू होण्यापूर्वीं नात एक कागद घेऊन आली. त्यावर कामें, तास व रक्कम लिहिलेली होती, खालीं संचालकांची सही. धाकट्या बंधूंनीं तो वाचून पाहिला व सतरंज्यांविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. आम्हींहि कांहीं दोष काढला नाहीं. फक्त एक ऱ्हस्वदीर्घाची चूक दुरुस्त केली.

सेवेविषयींचा आमचा आदर कमी झाला आहे असें नव्हे. ज्यास ती करावीशी वाटेल त्यानें अवश्य करावी. परंतु दुसऱ्यानें ती करावी असें म्हणण्याचा अधिकार, ज्याच्या घरीं त्या दिवशीं भाजी येणार असते, त्यास तरी नाहीं. त्या सायकलवाल्या गृहस्थांस हें सांगावें म्हणून आम्ही मध्यंतरीं त्यांच्या दुकानाकडे गेलों होतों. तेथें आतां मोबाइलचें दुकान आहे, आणि त्यांचा पत्ता शेजारीं कोणास ठाऊक नाहीं.