बावीस बादल्यांची बाग

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की आधी सोमाटणे येते, मग रसायनी आणि मग आपटा. स्टेशन एवढंसं. दसऱ्याला ज्या झाडाची पानं आपण सोनं म्हणून वाटतो, त्याचंच नाव या गावाला. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटाचा शेवटचा, गाडी पकडण्याचा प्रसंग याच फलाटावर चित्रित झाला. तेव्हा कुणी काका-काकू इथे धावत फोटो काढताना दिसले, तर हसू नका बरं का!

मला मात्र आपट्याला ओढून नेते ती माझ्या ताईची परसबाग. पंधरा पावलं लांब, दहा पावलं रुंद. मागे विहीर, बाजूला नारळ आणि दूरवर कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका.

यंदा होळीच्या सुट्टीत मी आणि माझा भाचा (वय वर्षे अकरा) यांनी मिळून बी पेरलं. भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, मिरची आणि टोमॅटोची रोपं. भाच्याने हट्टाने चार आळी काकडीची केली. ताईच्या सासूबाईंना आम्ही सगळेच आजी म्हणतो. त्या ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, लावताय खरं, पन पानी मोजलंय का?"

आम्ही मोजलं. सकाळी अकरा बादल्या, संध्याकाळी अकरा. एकूण बावीस!

पुढच्या वेळी गेले तेव्हा लाल माठ काढायलासुद्धा आला होता. महिन्याभरात ताटात येणारी भाजी ती! भेंडीला पिवळी फुलं दिसू लागली होती. टोमॅटोवर तर इतकी फुलं, की भाच्याने टोमॅटो कुणाकुणाला द्यायचे त्याची यादी करून ठेवली. चवळीचं एक रोप उपटून मी त्याला मुळांवरच्या बारीक गाठी दाखवल्या. या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून रोपाला देतात. "म्हणजे चवळी स्वतःचं खत स्वतःच करते?" त्याने विचारलं. जवळजवळ तसंच!

मे महिन्यात मी पोचले आणि यादी वहीतच राहिली. टोमॅटोची फुलं जमिनीवर. दिवसाचं ऊन पस्तीस अंशांच्या वर गेलं आणि रात्रही गार होईना, की टोमॅटो फळ न धरताच फुलं गाळतो. भेंडी आणि गवार मात्र उन्हात मजेत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मोठीच गडबड झाली, आणि ती केली मी. संध्याकाळी पाणी घालून झाल्यावर मागचं फाटक लावायचं विसरले. सकाळी पाहते तर शेजारच्या शेळ्यांनी भेंडीचे सगळे शेंडे साफ केलेले! शाळेत रोज मुलांना 'दार लावून घ्या' म्हणणारी मी. भाचा काही बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, ते जास्त लागलं. आजी तेवढ्या म्हणाल्या, "फुटंल ती. मूळ हाय ना शाबूत." आणि खरंच, आठवड्याभरात भेंडीला बगलेतून नवे फुटवे आले.

पण खरी परीक्षा पुढेच होती. मे महिन्याच्या मध्यावर एका सकाळी पोहरा विहिरीच्या तळाला खट्‌कन आपटला. पाणी गढूळ आलं. नळाचं पाणी पिण्याचं. त्याला बागेसाठी हात लावायचा नाही, हा आजींचा नियम. धुणंभांडी विहिरीवरच. हिशेब केला, तर बागेच्या वाट्याला उरल्या आठ बादल्या.

भाचा म्हणाला, "मावशी, नदीला तर पाणी आहे!" त्याचं चूक नव्हतं. कोकणातल्या कितीतरी नद्या उन्हाळ्यात कोरड्या होतात, पण आपट्याची पाताळगंगा वाहती असते. त्याची गंमत ऐका. घाटावर लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरवटा असे तलाव आहेत. त्यांचं पाणी मोठ्या नळांतून खोपोलीला खाली सोडतात आणि त्यावर वीज तयार करतात. टाटांचं हे वीजघर १९१५ साली सुरू झालं. वीज मुंबईला जाते आणि काम झालेलं पाणी पाताळगंगेत येतं. एरवी हे पाणी इंद्रायणीतून भीमा, मग कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. ते आता आपट्यावरून अरबी समुद्राकडे जातं!

सायकलला दोन कॅन बांधून आम्ही नदीवर गेलो. येताना चढ. अर्धं पाणी रस्त्यानेच प्यायलं. दोन खेपांत आमची मजल एका बादलीपर्यंत गेली. तो उद्योग त्याच दिवशी संपला.

मग ओट्यावर बसून ठरवावं लागलं, कुणाला पाणी द्यायचं आणि कुणाला नाही. गवार, चवळी, भेंडी, मिरची राहणार. टोमॅटो बंद. काकडी? वेलांवर सात छोट्या काकड्या लागल्या होत्या. आजी म्हणाल्या, "काकडी नुसती पानी पिते." भाचा उठून विहिरीमागे जाऊन बसला.

संध्याकाळी तोच एक युक्ती घेऊन आला. घरात जुना माठ होता, काठ फुटलेला. एका वेलाच्या मुळाशी त्याने तो गळ्यापर्यंत पुरला, पाण्याने भरला आणि वर थाळी झाकली. माठातून पाणी झिरपतं, मुळं लागेल तेवढं घेतात, उन्हाने उडून फारसं जात नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथातही ही रीत सांगितलेली आहे. बाकीच्या आळ्यांत आम्ही पेंढा पसरला, वर झावळ्यांची सावली केली. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी मिरचीला जाऊ लागलं.

तीन वेल वाळले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. चौथ्याने तग धरला. त्याच्यावर तीन काकड्या होत्या. दोन फळमाशीने टोचल्या. ही माशी कोवळ्या फळात अंडी घालते, अळ्या आतून फळ खातात आणि ते सडतं. तिसरीला भाच्याने कागदी पिशवी बांधली. रोज सकाळी दात घासण्याआधी पिशवी चाचपून यायचा.

मे संपता संपता ती काकडी कापली. सगळे ओट्यावर गोल बसलो. आजींनी देठाकडचा तुकडा चाखला आणि तोंड वाकडं केलं. कडू! पाण्याची ओढ आणि ऊन सोसलं, की काकडीत कडवट द्रव्य वाढतं. ते देठाकडे आणि सालीत जास्त असतं. देठाकडची चांगली चार बोटं कापून टाकली, साल जाड काढली. उरली त्याच्या पाच फोडी झाल्या. मीठ-तिखट लावून प्रत्येकाला एक.

"आता कशी आहे?" भाच्याने विचारलं.

"गोड हाय रे," आजी म्हणाल्या आणि त्याच्यासाठी आपली अर्धी फोड बाजूला ठेवली.