रिकामा रकाना

लाल शाईचें पेन मीं पुष्कळ वर्षें स्वतःजवळ जपलें. दोन वर्षांपूर्वीं तें विद्यार्थ्यांच्या हातीं दिलें, आणि पहिल्या आठवड्यांतच मला पश्चात्ताप झाला.

डेटाबेस हा माझा शिकविण्याचा विषय. माहिती साध्या कोष्टकांत मांडण्याची कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केली. पुढें चार वर्षांनीं चेंबरलिन व बॉइस यांनीं त्या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तिचेंच आजचें नांव एस्‌क्यूएल. भाषा सोपी आहे, आणि तेंच तिचें संकट आहे. चुकीच्या क्वेरीलाहि यंत्र मुकाट्यानें कांहींतरी उत्तर देतें. पडद्यावर चार ओळी उमटल्या कीं विद्यार्थी समाधानानें जर्नल मिटतो. अशीं साठ-साठ जर्नलें तपासून मी कंटाळलों होतों. शेवटीं ठरविलें कीं, मुलांनींच एकमेकांचीं उत्तरें तपासावीं. खरें सांगावयाचें तर, हा माझा आळसच होता. त्याला मीं नव्या शिक्षणपद्धतीचें भारदस्त नांव दिलें, इतकेंच.

पहिल्या खेपेस वर्गांत रामराज्य अवतरलें. प्रत्येकाला दहापैकीं दहा! गोष्टींतला उंट गाढवाच्या गळ्याची स्तुति करतो आणि गाढव उंटाच्या रूपाची, तसा प्रकार.

दुसऱ्या खेपेस मीं छापील उत्तरांवरचीं नांवें काढून टाकलीं आणि गुण देण्याची मनाई केली. शेजाऱ्याची क्वेरी जेथें फसेल असें पांच-सहा ओळींचें कोष्टक तेवढें बनवावयाचें. फसत नसेल तर कां, तें लिहावयाचें. आणि वर्गाचा नूरच पालटला. कोणी एकाच नांवाचे दोन सभासद निर्माण केले, कोणी एकाच माणसाला तेंच पुस्तक दोनदां नेऊं दिलें. दुसऱ्याची चूक शोधतां शोधतां एक मुलगी हळूच स्वतःची वही काढून खाडाखोड करूं लागली, तें पाहून मला माझ्या सगळ्या व्याख्यानांचा हेवा वाटेनासा झाला.

प्रश्न होता : वाचनालयांतून एकहि पुस्तक न नेलेल्या सभासदांचीं नांवें द्या. मागच्या बाकावरच्या, कधीं तोंड न उघडणाऱ्या एका मुलाच्या वांट्यास 'नॉट इन' वापरलेलें उत्तर आलें होतें. त्यानें देवघेवीच्या कोष्टकांत एक ओळ घातली : पुस्तक बांधणीसाठीं बाहेर गेलें, म्हणून सभासद-क्रमांकाचा रकाना रिकामा.

"सर, दोन सभासदांनीं कांहींच नेलेलें नाहीं. पण यादींत एकहि नांव येत नाहीं."

त्या रिकाम्या रकान्याला या भाषेंत 'नल' म्हणतात. स्वयंवरांत नळाचें रूप घेतलेले देव पाहून दमयंतीची जी अवस्था झाली, तीच येथें यंत्राची होते. हा क्रमांक त्या रिकाम्या जागेंतील क्रमांकाहून निराळा आहे काय, असें विचारलें तर तें 'होय' म्हणत नाहीं, 'नाहीं' असेंहि म्हणत नाहीं. 'ठाऊक नाहीं' म्हणतें. आणि ज्याच्याविषयीं 'ठाऊक नाहीं', तो यादींतून वगळला जातो. पुस्तक न नेलेले सारे सभासद त्या एका रकान्यापायीं असे वगळले गेले होते. दमयंतीवर निदान देवांनीं दया केली. यंत्र साधी तक्रारहि करीत नाहीं.

मुलाचें म्हणणें बिनचूक होतें. मात्र तें उत्तर कोणा विद्यार्थ्याचें नव्हतें. त्या दिवशीं एक कागद कमी पडला, म्हणून मीं माझेंच नमुना-उत्तर गठ्ठ्यांत सरकविलें होतें.

तें माझें आहे असें मीं सांगतांच मुलगा आपला शेरा खोडूं लागला. मीं खोडूं दिला नाहीं.

घरीं आल्यावर मात्र आठवलें कीं, हाच प्रश्न 'नॉट एक्झिस्ट्स'नें सोडविणाऱ्यांचा एकेक गुण मीं वर्षानुवर्षें 'उगीच लांबण' म्हणून कापीत आलों होतों. ती रीत अशा रिकाम्या रकान्यानें फसत नाहीं. एक मुलगी त्या गुणासाठीं माझ्याकडे आलीहि होती. "सोपें सोडून अवघड कशाला करतेस?" असें म्हणून मीं तिला वाटेस लाविलें होतें.

जुनीं गुणपत्रकें काढून बसलों. त्यांत केवळ बेरजा होत्या. कोणाचा गुण कशासाठीं कापला, याची नोंद कोठेंच नव्हती. त्या मुलीचा पत्ता मिळविला आहे. पत्र अद्याप लिहावयाचें आहे.